मेकॅनिकल विभागाला बॅचतर्फे काय द्यावं?

टेपरटर्निंग (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.५०

मंडळी, आमची बॅच बाहेर पडून यंदा ३० वर्षं झाली. डिसेंबरात मेळावा आहे. नुसतं जेवणखाण, शाली-श्रीफळ आणि फोटो असं नको, विभागाला काहीतरी कामाचं देऊ, असं ठरलं. वर्गणी जमली, साडेसात लाखांच्या आसपास आहे. काय द्यायचं ते बघायला मी आणि एक मित्र गेल्या आठवड्यात कॉलेजात जाऊन आलो. कॉलेज मराठवाड्यातलं आहे, एवढंच सांगतो. ओळखलं तरी कृपया नाव इथे टाकू नका.

आमच्या वेळी मेकॅनिकल विभाग म्हणजे पत्र्याचं लांबलचक वर्कशॉप, हीट इंजिनची लॅब, ड्रॉइंग हॉल आणि दोन खोल्यांचं ऑफिस. जागा ६०. मध्यंतरी त्या १२० झाल्या. मग मुलं कॉम्प्युटरकडे वळली, आता परत ६० आहेत आणि उरलेल्या ६० जागांवर एआयची वेगळी शाखा निघालीय. इमारत तीन मजली झाली. रोबोटिक्सची लॅब आहे, थ्रीडी प्रिंटर आहेत, पीएच.डी.चं संशोधन केंद्र आहे. ड्रॉइंग हॉल गेला आणि तिथे कॅडची संगणक लॅब आली. मुलांनी स्वतः बनवलेली एक बॅटरीवर चालणारी गाडी पोर्चमध्ये उभी होती. वेल्डिंग इतकं सुबक होतं की मी तिथेच उकिडवा बसून बघत राहिलो. हे सगळं बघून खरंच छाती फुगली.

मग वर्कशॉपमध्ये गेलो. आमच्या वेळच्या २२ लेथपैकी (लेथ म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र) ६ चालू. माझा ९ नंबरचा लेथ अजून आहे. त्याच्या चकाच्या किल्लीचा दांडा आमच्याच बॅचने तोडला होता आणि आम्हीच वेल्ड करून दिला होता. तो जोड बोटाला अजून तसाच लागला. कोपऱ्यात एक सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ, निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं. विचारलं तर तिथले मामा म्हणाले, "बंद आहे साहेब, तीन वर्षं झाली. पॅरामीटर उडाले म्हणतात." वर्कशॉपमध्ये हातकाम शिकवणारे निदेशक सर निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामी आहे.

आता बॅचमध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात नवीन छोटं सीएनसी घेऊ, काही म्हणतात गरजू मुलांना शिष्यवृत्ती देऊ. तुम्ही काय द्याल? आणि आणखी एक विचारायचंय. इतकं सगळं आलं, याला विभाग वाढला म्हणायचं का?

---

वाळूजकर · रात्री १०.१५

नवीन सीएनसी नका घेऊ. जे झाकून ठेवलंय ते आधी उघडा. सविस्तर उद्या लिहितो.

---

रोपब्रेक · रात्री १०.३१

हीट इंजिनची लॅब म्हटलं की तो वास येतो! ५ एचपीचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, त्याला दोराचा ब्रेक. एकजण स्प्रिंग बॅलन्स वाचणार, एकजण ब्युरेटमधलं १० सीसी डिझेल किती सेकंदांत संपलं ते बघणार आणि एकजण ड्रमवर पाणी घालणार. पाणी घालणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं की दोर जळालाच. आमच्या सरांना व्हरांड्यातूनच वासावरून कळायचं कुठल्या बॅचचं प्रॅक्टिकल चालू आहे ते.

---

गोदाकाठची · सोमवार, सकाळी ८.०५

टेपरटर्निंग दादा, मी १९९२ ला प्रवेश घेतला. ६० जणांत आम्ही दोघी. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं, पार लायब्ररीपर्यंत चालत जावं लागायचं. तीन तासांच्या प्रॅक्टिकलला सकाळपासून पाणी न पिता जायचो. ही तक्रार म्हणून सांगत नाही. यंत्रांची यादी करण्याआधी एकदा तेही बघून या म्हणून सांगते. आता किती मुली आहेत वर्गात?

दुसरं, तुमच्या विभागातल्या मोजमापाच्या लॅबमध्ये डोकावलात का? मी गेली अठरा वर्षं गेज कॅलिब्रेशनमध्ये काम करते. कॉलेजांकडून स्लिप गेज (मापं तपासायचे अचूक पोलादी ठोकळे) येतात तेव्हा डबा उघडला की गंजाचा वास येतो. मुलं घामट हातांनी हाताळतात आणि पुसून व्हॅसलिन न लावता तशीच ठेवून देतात. दोन स्लिप गेज एकमेकांवर सरकवून चिकटवणं म्हणजे रिंगिंग काय असतं ते त्या मुलांना कधी अनुभवायलाच मिळत नाही. पुस्तकात वाचतात आणि व्हायव्हाला सांगतात. तीन मजली इमारत आणि गंजलेले स्लिप गेज असं असेल तर मी त्याला वाढ म्हणणार नाही.

---

टेपरटर्निंग · सकाळी ८.४०

ताई, दुसऱ्या वर्षात १४ मुली आहेत. स्वच्छतागृहाचं बघितलंच नाही, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या फेरीत बघतो.

---

पायथनकर · दुपारी १.२०

माझं मत वेगळं आहे आणि ते इथे आवडणार नाही हे माहीत आहे. मी परभणीचा, मेकॅनिकलच केलं, गेली १६ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त इकडेच आले. जी मुलं उद्या सिम्युलेशन, डेटा, ऑटोमेशन यांत काम करणार आहेत त्यांना १९७० च्या लेथवर तासन्‌तास उभं करून काय साधतं? गाडीचा आराखडा आज संगणकात पूर्ण होतो, टक्कर चाचणीसुद्धा आधी संगणकात होते. साडेसात लाखांत दहा चांगले वर्कस्टेशन येतील, ती रोज वापरली जातील. २२ लेथ ६ वर आले यात मला रडण्यासारखं काही दिसत नाही. जागा मोकळी झाली.

मराठवाड्यातल्या मुलाला पहिली नोकरी लवकर लागणं फार महत्त्वाचं असतं. घरी कापूस-सोयाबीनच्या भावावर सगळं चालतं. चार वर्षांची फी कशी भरली हे आई-बापांनाच माहीत. म्हणून कळकळीने सांगतो, ज्याने नोकरी लागते ते द्या.

---

वाळूजकर · सायंकाळी ७.१०

पायथनकर, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के पटला. पण नोकरी कशाने लागते यावर बोलू. माझं चिकलठाण्यात छोटं युनिट आहे, १८ माणसं. वाहनांचे टर्न केलेले पार्ट करतो.

थोडं मागे जाऊ. १९६० ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. आमचं मराठवाडा विद्यापीठ त्याच्या दोनच वर्षं आधीचं, १९५८ चं. त्याआधी इकडच्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर हैदराबाद किंवा पुणं. १९८१ ला नांदेडला विष्णुपुरीला दुसरं कॉलेज आलं. १९८३ ला राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि लातूर, अंबाजोगाई, उस्मानाबाद सगळीकडे मेकॅनिकल सुरू झालं. आणि १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. त्याच्यामागे ब्रेक, क्लच, कास्टिंग, शीट मेटल असे पुरवठादार आले आणि ज्या पोरांना आधी पुण्याची एसटी धरावी लागायची त्यांना शहागंजातून कंपनीची बस मिळायला लागली. मेकॅनिकल विभागांना खरं बळ तेव्हा आलं. २००१ ला शेंद्र्यात स्कोडा आली, तेव्हा कॅड-कॅमची भाषा विभागात शिरली. आता बिडकीनला बॅटरीच्या गाड्यांचे कारखाने यायलेत, २०२४ च्या जुलैत टोयोटाचा सामंजस्य करार झाला, म्हणून विभागात बॅटरीची गाडी उभी आहे. विभाग हा कायम एमआयडीसीच्या पावलावर पाऊल टाकत आलाय, यात कमीपणा नाही.

आता माझा अनुभव. नवीन इंजिनिअर घेतला की मी त्याला एक साधं ड्रॉइंग करायला देतो. २५ मिलिमीटरची पिन आणि तिला बसणारं बुश, म्हणजे ती ज्यात सरकते ते नळकांडं. मॉडेल अर्ध्या तासात तयार, सुंदर रंगीत. मग बघतो तर प्रत्येक मापावर प्लस-मायनस दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पिनवर तेवढंच, बुशच्या लांबीवर तेवढंच, कडेच्या चॅम्फरवर, म्हणजे तिरक्या कापावर पण तेवढंच! अरे बाबा, पिन आतून सरकायची असेल तर एच७/जी६ लिही. भोकाला शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, पिनला उणे ७ ते उणे २०. चॅम्फरला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. त्या एका ड्रॉइंगवर मी कोटेशन मागवलं असतं तर पार्टची किंमत चौपट आली असती. हे त्या पोराला संगणक सांगत नाही. एकदा स्वतः लेथवर उभं राहून दहा मायक्रॉन पकडायला किती घाम निघतो ते कळलं की आयुष्यात परत असं लिहीत नाही.

म्हणून लेथ लागतो. टर्नर बनवायला नाही.

---

पायथनकर · सायंकाळी ७.४५

मुद्दा मान्य, उदाहरण चांगलं आहे. पण त्याला २२ लेथ लागत नाहीत. ६ पुरे.

---

वाळूजकर · सायंकाळी ७.५२

६ पुरे. शिकवणारा एक लागतो. तो नाही.

---

हिंगोली_टीई · रात्री ११.१८

नमस्कार सगळ्या दादांना, ताईंना आणि सरांना. मी आत्ता तिसऱ्या वर्षाला आहे, धाग्यातलं कॉलेज बहुतेक आमचंच आहे 🙂 ती ताडपत्री रोज बघायलोत.

पायथनकर सर, आम्ही जी-कोड, एम-कोड, म्हणजे सीएनसीला द्यायच्या आज्ञा, सगळं सिम्युलेटरवर शिकलो. जी-०१, एम-०३, सगळं पाठ आहे, प्रोग्राम बरोबर येतो, स्क्रीनवर जॉब पण कापला जातो. उन्हाळ्यात महिनाभर इंटर्नशिपला गेलो तर पहिल्याच दिवशी ऑपरेटर दादा म्हणले, टूल बदललंय, ऑफसेट घे, म्हणजे नव्या टूलचं टोक नेमकं कुठं आहे ते यंत्राला कळव. सिम्युलेटरमध्ये ऑफसेट म्हणजे एक आकडा टाकायचा. इथं खरं टूल खऱ्या जॉबला हळूहळू टेकवायचं, हँडव्हीलवर एक-एक मायक्रॉनचा क्लिक. किती जवळ आलं हे कानाने ऐकायचं म्हणले ते. मला फिरवावंच वाटेना. त्या दादांनी माझ्या हातावर हात ठेवून फिरवलं. दहावी पास आहेत ते. महिनाभरात मला जेवढं शिकवलं तेवढं मी कुठंच शिकलो नाही.

आमच्याकडं रोबोट आहे, पण तो फक्त पाहुणे आले की चालू करतात. सगळ्यांना हात लावायला मिळाला पाहिजे एवढंच म्हणणं आहे. आणि वर्कशॉप चारला बंद होतं, आमचे लेक्चर साडेचारला संपतेत.

---

गोदाकाठची · मंगळवार, सकाळी ७.३०

हिंगोलीच्या पोरा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. चार आणि साडेचारचं जे लिहिलंयस ते साडेसात लाखांहून मोठं आहे. टेपरटर्निंग दादा, हे लिहून घ्या.

---

तासिकेवर · दुपारी ३.०५

मी मराठवाड्यातल्याच एका मेकॅनिकल विभागात शिकवतो, तासिका तत्त्वावर, नववं वर्ष. आतून काय दिसतं ते सांगतो.

आमच्याकडे मंजूर पदं आणि भरलेली पदं यांत निम्म्याचा फरक आहे. निदेशक, प्रयोगशाळा सहायक ही पदं तर निवृत्तीबरोबर संपूनच जातात. संशोधन वाढलं, हे खरं आहे आणि चांगलं आहे. आमच्या विभागातून थर्मलवर, कंपोझिटवर चांगले पेपर निघतात, आमची मुलं परदेशात शिकायला जातात. अभ्यासक्रमही बदलला. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन, थिअरी ऑफ मशीन्स हा कणा तोच, पण मेकॅट्रॉनिक्स, फायनाइट एलिमेंट, अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग आलं. नवीन शैक्षणिक धोरणात मायनर विषय आले. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्स घेऊ शकतो, हे मला मनापासून आवडतं.

दुखणं देखभालीचं आहे. यंत्र विकत घ्यायला योजना असतात, प्रस्ताव पाठवता येतो, उद्‌घाटनाला पाहुणे येतात. तेच यंत्र दोन वर्षांनी बंद पडलं आणि दुरुस्तीला वीस हजार लागले तर ते कुठल्या खात्यातून द्यायचे यावर सहा महिने फाइल फिरते. तोवर ते चालवणारा माणूस बदललेला असतो. तुम्ही नवीन यंत्र दिलंत तर विभाग आनंदाने घेईल आणि २०३० मध्ये त्याच्यावर दुसरी ताडपत्री असेल. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहायलाच हवं.

---

मांजराकाठ · सायंकाळी ५.२५

थोडं अवांतर. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही तेव्हा दुसऱ्या वर्षाला, फ्लुइड मेकॅनिक्स. पेल्टन टर्बाइनच्या खाली पाण्याचा हौद असतो, तेच पाणी पंपाने परत परत फिरवायचं. हौद वर्षभर बदलला नव्हता, पाणी हिरवंगार झालेलं. आमच्या मॅडमनी तुरटी फिरवली, वर जाळी टाकली आणि त्याच पाण्यावर अख्ख्या वर्गाचं प्रॅक्टिकल पूर्ण केलं. एकही वाचन चुकवू दिलं नाही. सेमिस्टर संपल्यावर आम्ही बादल्यांनी ते पाणी काढून विभागामागच्या कडुनिंबाच्या रोपांना घातलं. त्यातली दोन झाडं आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलीत. विभागाची वाढ विचारलीत म्हणून सांगितलं, आमच्याकडची ही मला सगळ्यात जास्त माहीत असलेली वाढ आहे.

---

रोपब्रेक · सायंकाळी ५.४०

क्या बात है मांजराकाठ! त्या मॅडमना नमस्कार.

---

बीडबायपास · रात्री ८.००

अवांतर चाललंच आहे तर माझंही. आमच्या घरात एकाच विभागातून तिघं शिकलो. वडिलांच्या प्रमाणपत्रावर मराठवाडा विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, माझ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. पुतणी २०२२ ला पास झाली, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे, कारण २०१७ नंतर आमचं कॉलेज तिकडे जोडलं गेलं. तिन्ही प्रमाणपत्रं दिवाणखान्यात एका ओळीत लावलीत. वडिलांनी स्लाइड रूल वापरली, मी कॅल्क्युलेटर, पुतणी लॅपटॉप. स्टीम टेबलचं पुस्तक मात्र वडिलांचं मी वापरलं आणि माझं पुतणीने. वाफेचे आकडे काही बदलले नाहीत.

---

पॅनलवाला · रात्री ९.३५

मूळ प्रश्नावर येतो. ते "पॅरामीटर उडाले" प्रकरण वाचून राहवलं नाही, कारण माझं रोजचं काम हेच आहे, सीएनसीची देखभाल.

कंट्रोलरच्या आत मेमरीला एक ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. यंत्राची सगळी पॅरामीटर (यंत्राने कसं चालायचं ते ठरवणारे आकडे), प्रोग्राम, ऑफसेट त्या मेमरीत असतात. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर त्याला वेगळा सेलचा डबा असतो, अक्ष कुठे उभा आहे ही आठवण त्याच्यावर टिकते. हे सेल साधारण वर्षाला बदलायचे. संपत आले की यंत्र स्क्रीनवर बॅटरीचा इशारा देतं. कारखान्यात तो दिसतो कारण यंत्र रोज चालू असतं. कॉलेजात यंत्र सुट्टीत दोन-दोन महिने बंद, इशारा बघणार कोण? बॅटरी मेली, मेमरी कोरी झाली. यंत्र धडधाकट असतं, फक्त आपण कोण आहोत हे विसरलेलं असतं.

हे दुरुस्त होतं. पॅनलच्या दाराला आतून एक कप्पा असतो, त्यात यंत्र बनवणाऱ्याने पॅरामीटरची छापील यादी किंवा सीडी ठेवलेली असते. ती सापडली तर अर्धं काम झालं. नाही सापडली तर यंत्राच्या सीरियल नंबरवरून मागवता येते. आणि एक गोष्ट कॉलेजवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. या बॅटऱ्या यंत्र चालू असतानाच बदलायच्या. बंद करून जुनी काढली की गेलीच मेमरी. कित्येक ठिकाणी बॅटरी बदलायला म्हणून गेले आणि तेव्हाच पॅरामीटर घालवून बसले.

मी संभाजीनगरातच आहे. रविवारी येतो. पैसे नकोत, चहा पाजा.

---

ऐरण · बुधवार, पहाटे ५.५०

मुलीने हा धागा वाचून दाखवला, मग मीच लिहायला बसलो. मी अशाच एका विभागात ३४ वर्षं निदेशक होतो. आयटीआयचा टर्नर, १९८४ ला लागलो. वाळूजला कारखाने आले तेव्हा अधिकारी आमच्या वर्कशॉपमध्ये यायचे, मुलांचे जॉब हातात घेऊन बघायचे आणि मुलाचं नाव विचारायचे. गुणपत्रिका नंतर.

पहिल्या वर्षाचा पहिला जॉब म्हणजे कानसकाम. ५० बाय ५० ची एमएस पट्टी, चारही कडा काटकोनात. पोरगं दोन तास घासतं आणि म्हणतं झालं सर. मी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून खिडकीकडे धरायचो. गुण्याची पाती आणि पट्टी यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की परत. मुलं रडकुंडीला येत. पण एकदा का उजेड बंद झाला की त्या पोराचा चेहरा बघावा. ३४ वर्षांत तो चेहरा मी कितीदा पाहिला, तरी पुन्हा बघायला मिळावा असं वाटतं.

एक मुलगी होती, बुटकी, व्हाइसपर्यंत कोपर नीट पोचेना. तिच्यासाठी आम्ही सुतारकामाच्या शॉपमधून फळकूट आणून पायाखाली ठोकून दिलं. कानसकाम करताना व्हाइस कोपराच्या उंचीला पाहिजे, नाहीतर कड गोल होते. तिचा जॉब त्या वर्षी सगळ्यांत सरळ आला.

निवृत्त झालो त्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा कोणाकडे द्यायचा हेच ठरलेलं नव्हतं. मी तो ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि सही करून आलो. मला राग नाही, पण ते मनातून जात नाही. यंत्राची चौकशी करता तशी निदेशकाच्या जागेची करा. माझे गुडघे दुखतात, पण उभं राहून दाखवता येतं अजून.

---

गोदाकाठची · सकाळी ६.४०

सर, ते फळकूट माझ्यासाठी ठोकलं होतं. तुम्ही मला ओळखलं नसेल. मी तुमची १९९२ ची विद्यार्थिनी.

---

ऐरण · सकाळी ६.५५

ओळखलं बाळ. दोघीच होत्या तुम्ही.

---

रोपब्रेक · सकाळी ९.१०

आज कामाला लागायचं मन होईना हे वाचून. सरांना दंडवत.

---

पायथनकर · सकाळी १०.२५

ऐरण सर, नमस्कार. माझं मत अजून तेच आहे की मुलांचा जास्त वेळ संगणकावर जायला हवा. पण तासिकेवर आणि पॅनलवाला यांनी जे लिहिलं ते माझ्या ध्यानात नव्हतं. देखभालीची नोंद ठेवणं आणि आठवण करून देणं हे तर माझंच काम आहे. विभागातल्या प्रत्येक यंत्राची नोंदवही मी मोबाइलवर करून देतो. बॅटरी कधी बदलली, कापताना सोडायचं कूलंट कधी काढलं, स्लिप गेज कधी तपासले. तारीख जवळ आली की विभागप्रमुख, मामा आणि बॅचचा एकजण अशा तिघांना संदेश जाईल. मराठीत.

---

टेपरटर्निंग · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.०५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

आज पॅनलवाला, गोदाकाठच्या ताई, मी, विभागप्रमुख आणि हिंगोलीवाल्यासह आठ मुलं असे सकाळी नऊला वर्कशॉपमध्ये जमलो. ताडपत्री काढली. पॅनलच्या दाराचा कप्पा उघडला तर पॅरामीटरची यादी तिथेच, प्लास्टिकच्या पिशवीत, एका कडेला उंदराने कुरतडलेली. आकडे शाबूत होते. बॅटऱ्या बदलल्या. एक मुलगी आकडे मोठ्याने वाचत होती, दुसरा भरत होता, तिसरा पडताळत होता. सव्वादोन तास लागले. मग यंत्राला रेफरन्स, म्हणजे अक्षांची मूळ जागा, घ्यायला लावला आणि एक्स अक्ष तीन वर्षांनी हलला. आधी कुरकुरला, मग सरकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या.

सगळं सुरळीत झालं नाही. कूलंटच्या टाकीचं झाकण काढलं तर असा वास सुटला की सगळे अंगणात पळाले. पंप जाम आहे, तो सोडवायला दिलाय. वंगणाची नळी एका ठिकाणी फुटलीय. म्हणून आज कोरडाच एक हलका कट घेतला, अ‍ॅल्युमिनियमवर. हिंगोलीवाल्याने ऑफसेट स्वतः घेतला. ताईंनी मायक्रोमीटरने मोजलं. २५ ला हवं होतं, २५.०१ आलं. पोराने लगेच विचारलं, "अजून एक कट घेऊ का?"

पैशांचं असं ठरलं. नवीन यंत्र नाही. पाच लाख माजी विद्यार्थी संघाकडे ठेव म्हणून, व्याज फक्त देखभालीला, आणि वीस हजारांपर्यंतच्या दुरुस्तीला कुणाची सही लागणार नाही अशी अट विभागप्रमुखांनी स्वतः लिहून आणली. उरलेल्यातून स्लिप गेजचा नवा संच आणि शनिवारी वर्कशॉप पाचपर्यंत उघडं ठेवण्यासाठी निदेशकाचं मानधन, दोन वर्षांचं. वर्कशॉपमध्ये मुलींसाठी स्वच्छतागृह अजूनही नाही, बघून आलो. ते आमच्या पैशात बसत नव्हतं. ९८ च्या बॅचने ते उचललंय, नकाशा झालाय. शिष्यवृत्तीवाले मित्र थोडे नाराज आहेत, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पुढच्या वर्षी वेगळं काढू.

निदेशकाचं रिकामं पद भरण्यासाठी निवेदन दिलंय. त्याचं उत्तर यायचंय.

---

तासिकेवर · रात्री १०.३०

निवेदनाची पोच घेतलीत ना? आवक क्रमांक टाकून ठेवा. दर महिन्याला विचारत राहावं लागेल.

---

टेपरटर्निंग · रात्री १०.३३

घेतलीय. क्रमांक पायथनकरांच्या नोंदवहीत टाकलाय, महिन्याला आठवण येईल.

---

हिंगोली_टीई · रात्री ११.४०

ऐरण सर, शनिवारी तुम्हीच येणार आहात ना? आमच्या वर्गातले १७ जण यायलेत, त्यातल्या एआयच्या शाखेतल्या पण तिघी आहेत, त्यांना चालेल का?

---

ऐरण · सोमवार, पहाटे ५.३०

चालेल. नऊला या. बूट घालून, चप्पल चालणार नाही. केस आणि ओढणी बांधून. कानशी माझ्याकडच्या आणतो, गुण्या ताईंना तपासून पाठवायला सांगितलाय. सुतारकामाच्या शॉपमध्ये दोन-तीन फळकुटं काढून ठेवा, उंची सगळ्यांची सारखी नसते.